कोनी राह्यलं काय?

आमच्या वर्गाच्या मॉनिटरच्या हाती देशाची जनगणना दिली असती, तर या देशात मोजायचा एकही माणूस शिल्लक राहिला नसता, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. जो घरी सापडला नसता त्याला तिने शेतातून आणलं असतं, शेतात नसता तर लग्नाच्या पंगतीतून उठवून आणलं असतं, आणि जो बापडा वारला असं कळलं असतं त्याच्याही दारात सायकल उभी करून तिने 'कवा वारला? कोनाले इचारून?' असा जाब मागितला असता. पाचवीपासून दहावीपर्यंत, समुद्रपूरच्या आमच्या शाळेत, मी या बाईच्या राज्यात राहिलो. बाई म्हणजे त्या वेळी अंगाने वाळकी, दोन वेण्या लाल रिबिनीने वर बांधलेल्या आणि मोजे कायम धुळीने भरलेले, अशी एक पोरगी. पण आवाज असा, की तिने प्रार्थनेला 'सावधान' म्हटलं की रस्त्यापलीकडे गुरांच्या दवाखान्यात बांधलेल्या म्हशीसुद्धा रवंथ थांबवायच्या. आमच्यातले काही जण ती म्हणाली म्हणून सावधान झाले ते अजून विश्राम झालेले नाहीत.

इतर वर्गांचे मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहीत, डस्टर झटकत, सरांच्या मागेमागे नकाशा घेऊन हिंडत. आमच्या मॉनिटरला असल्या चिल्लर सत्तेत रस नव्हता. वर्गात बोला, भांडा, मागच्या बाकावर बसून बोरं खा आणि आठोळ्या पुढच्याच्या कॉलरीत टाका, तिची कशालाच हरकत नसे. फक्त या. तिला साऱ्या जगाकडून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे पूर्ण पट. पटावर जितकी नावं तितकी डोकी बाकांवर, एक कमी नाही. सकाळी ती शाळेच्या फाटकाशी उभी राहायची आणि कोण येतंय हे माणूस दिसायच्या आधी सायकलच्या खडखडाटावरून ओळखायची. वर्गशिक्षक हजेरी घ्यायचे ते केवळ सरकारचा मान राखायला म्हणून. खरं तर ते खुर्चीत बसता बसता तिला एवढंच विचारायचे, "काय गं, पूर्ण?" ती "पूर्ण, सर" म्हणाली तर शिकवायला सुरुवात. "एक कमी हाय, आनतो" म्हणाली, तर त्या एकाचं नशीब फुटलं असं समजायचं. मुलींना शाळेतून मिळालेल्या सायकलींपैकी एक तिच्याकडे होती. तिची घंटी पहिल्याच आठवड्यात तुटली आणि तिने ती कधीच बसवून घेतली नाही, कारण मालकिणीला घंटीची गरजच नव्हती.

मी तिचा सगळ्यांत जुना गुन्हेगार. माझे वडील तहसील कार्यालयात कारकून, म्हणजे रजेचे सगळे प्रकार आमच्या घरात दुधापाण्यासारखे ओळखीचे. त्यामुळे गृहपाठ झाला नसला की माझं पोट दुखायचं, आणि ते अगदी मुरलेल्या सरकारी नोकराच्या सफाईने दुखायचं. एकदा मी असाच पांघरूण घेऊन कण्हत पडलो होतो तर दारात सायकल आपटल्याचा आवाज आला. "काकू, याले ओवा देला काय?" आईने सांगितलं, दिला. "मंग झालं ना. पोट घरीबी दुखते अन् शाळेतबी दुखते. शाळेतच दुखू द्या." माझी सख्खी आई, जिने मला नऊ महिने पोटात वाढवलं, तिने या युक्तिवादावर मान डोलावली आणि माझं दप्तर स्वतःच्या हाताने कॅरिअरला लावून दिलं. शाळेपर्यंतच्या रस्त्याला त्या वर्षी इतके खड्डे होते, की वर्गात पोचेपर्यंत माझं पोट खरोखरच दुखायला लागलं. "पाह्य," ती म्हणाली, "शाळेत आल्याबिगर आजारबी खरा होत नाई."

आणि हा कायदा फक्त पोरांनाच होता असं नाही. आमच्या गणिताच्या सरांनी एकदा किरकोळ रजा काढली. मास्तर माणूस, हक्काची रजा, कोणाच्या बापाचं काय जात होतं? सर अंगणात लुंगीवर बसून दाढी करत होते. अर्धा गाल झाला होता, अर्धा राहिला होता, आणि समोर ही. "सर, आज वर्ग पूर्ण हाय. तुमीच नाई." सरांनी समजावून सांगितलं की शिक्षक पटात धरत नाहीत. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि फाटकापाशी उभी राहिली. काही बोलली नाही, रागावली नाही, नुसती उभी राहिली. सर साबण लावलेल्या गालाने घरात गेले, बाहेर आले, परत गेले. शेवटी पँट चढवून आले आणि वर्गात येऊन आम्हाला म्हणाले, "या पोरीला दहावीत पास करा रे लवकर, माझ्या निवृत्तीच्या आधी." आम्ही त्या दिवशी वर्तुळ शिकलो, ते मला अजून येतं.

वडनेरच्या लग्नाची गोष्ट तर आमच्या वर्गात आता दंतकथा झाली आहे. आमच्यातल्या एकाच्या बहिणीचं लग्न होतं, आणि तो नवरीचा एकुलता एक भाऊ, म्हणजे नवरदेवाचा कान पिळायचा मान त्याचा. त्याच दिवशी शाळेत तपासणी होती आणि मॉनिटरला पूर्ण पट दाखवायचा होता. ती पहिल्या बसने वडनेरला गेली, मांडवात शिरली आणि नवरीच्या बापाला म्हणाली, "काका, कान पिळायच्या टायमाले पोरगं आनून देतो म्हंजे देतो, मी जबाबदार." लग्नघरच्या गडबडीत त्या काकांनी तिला बँडवाल्यांपैकी कोणी समजून 'बरं बरं' म्हटलं असावं. पोरगा हळद लागलेल्या हातांनी वर्गात बसला, साहेबांनी विचारलेल्या भूगोलाच्या प्रश्नाला चुकला, सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली आणि मधल्या सुट्टीत परतीच्या बसमध्ये बसवून दिला गेला. तो मंगलाष्टकं संपता संपता मांडवात पोचला आणि सकाळपासूनचा सगळा भूगोल त्याने नवरदेवाच्या कानावर काढला. यातलं किती खरं आणि किती आम्ही मागाहून वाढवलं, हे मी शपथेवर सांगणार नाही. पण लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाचा एक कान दुसऱ्यापेक्षा लाल आहे, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

बाई चुकत नसत असंही नाही. नववीत आमची सहल गेली होती आणि परतताना कारंजाजवळ हायवेवरच्या एका ढाब्यावर चहाला गाडी थांबली. चहा झाला, मॉनिटरने सगळ्यांना कोंबड्यांसारखं हाकत गाडीत भरलं, दारात उभी राहून एकदा बाहेर ओरडली, "कोनी राह्यलं काय?" हे तिचं ठरलेलं वाक्य. कुठूनही निघताना ते म्हटल्याशिवाय तिचा पाय उचलत नसे. कोणी राहिलं नव्हतं. गाडी बरीच पुढे आल्यावर तिने सवयीने पुन्हा डोकी मोजली तर एक जास्त. तिने पुन्हा मोजली, तरी जास्तच. आमच्यासारखाच पांढरा सदरा आणि खाकी पँट घातलेला एक गुबगुबीत मुलगा खिडकीशी बसून आमच्या हेडसरांच्या डब्यातला चिवडा खात होता. तो दुसऱ्याच एका शाळेचा, दुसऱ्याच सहलीचा. "अबे, तू काऊन बसला आमच्या गाडीत?" तो शांतपणे म्हणाला, "या ताईनं बस म्हटलं, बसलो. मले कोनी इचारलंच नाई." गाडी वळवली. ढाब्यावर त्या शाळेचे दोन सर रडायच्या बेतात होते. त्यांनी तिचे आभार मानायला तोंड उघडलं तर हिनेच त्यांना झापलं, "तुमचा पट तुमाले समजत नाई काय, सर? लेकरू जाऊन राह्यलं अन् तुमी चहा पिऊन राह्यले!" पुढे कित्येक दिवस तो मुलगा आम्हाला आठवायचा. चिवडा फार मन लावून खाल्ला होता त्याने.

आम्ही तिला हसायचो, तिच्या नावाने शंख करायचो, तिची सायकल दिसली की गोठ्यात लपायचो. पण ती अशी का आहे हे आम्हा सगळ्यांना पाचवीपासून माहीत होतं. आमच्या शाळेत दर दहावीच्या वर्गाचा एक फोटो काढतात आणि तो चौकट करून हेडसरांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात टांगतात. खुर्च्यांवर शिक्षक, मागे रांगांनी मुलं, खाली बारीक अक्षरात सगळ्यांची नावं. आणि नावांच्या अगदी शेवटी एक ओळ असते, 'अनुपस्थित'. फोटो काढायचा म्हणजे निरोप समारंभाच्या आसपास, हरभरा सोंगायच्या, म्हणजे कापायच्या, आणि उरलासुरला कापूस वेचायच्या दिवसांत. त्यामुळे व्हरांड्यातल्या एकाही फोटोत ती ओळ रिकामी नव्हती. पाचवीच्या पहिल्या दिवशी ही मला तिथे घेऊन गेली. एका जुन्या, कडेने पिवळ्या पडलेल्या फोटोखाली बोट ठेवून म्हणाली, "हे माही आई." बोट शेवटच्या ओळीवर होतं. आई याच शाळेची, याच गावची लेक, वर्गात हुशार. पण फोटोच्या दिवशी तिला घरच्यांनी कापूस वेचायला नेलं, आणि त्या उन्हाळ्याच्या सुट्टीतच शेजारच्या गावी तिचं लग्न लावून दिलं. सासर भाजीपाला पिकवणारं. बाई पाटीवर भाजी घेऊन पुन्हा समुद्रपूरच्या बाजारात येऊन बसायला लागली, पण शाळेच्या त्या व्हरांड्यातून जायची वेळ आली, पालकसभेला वगैरे, की डोक्यावरचा पदर पुढे ओढून भराभर पुढे निघून जायची. "सगळे हायेत," ही मला फोटोतली डोकी दाखवत म्हणाली, "एक माही आईच नाई. आपल्या फोटोत असं नाई होऊ द्यायचं." मी पाचवीतला पोरगा, मी 'बरं' म्हणालो. त्या 'बरं'चा अर्थ पुढची सगळी वर्षं पोटदुखीसकट शाळेत जाणं असा असेल याची मला काय कल्पना.

आणि मग तो दिवस आला. दहावीचा फोटो. हिंगणघाटहून फोटोग्राफर आला होता, त्याला दुपारी कुठल्याशा साखरपुड्याला पोचायचं होतं म्हणून आल्यापासून घाई करत होता. मैदानात बाकं लावली, खुर्च्या लावल्या, हेडसरांनी सफारी घातला, मुलींनी वेण्यांना नव्या रिबिनी बांधल्या, आणि मॉनिटरने डोकी मोजली. एक कमी. आमच्यातला सगळ्यांत अबोल, मागच्या बाकावरचा, ज्याच्या तोंडून दिवसभरात 'हजर' हा एकच शब्द निघायचा, तो नव्हता. कोणीतरी सांगितलं की काल त्याचे बाबा बांधावरून घसरले, पायाला प्लास्टर आहे, आणि तोडलेली भाजी घरात ठेवून चालत नाही म्हणून पोरगा बाजारात बसलाय. आठवडी बाजार त्याच दिवशी होता, शाळेमागच्या मैदानात. फोटोग्राफर म्हणाला, "एवढंच ना? त्याचा एखादा फोटो द्या मोबाइलवर. कॉम्प्युटरवर मुंडकं चिकटवून देतो मागच्या रांगेत. कोणाले समजते?"

मॉनिटर त्याच्याकडे वळली. "मुंडकं चिकटवून मानूस हजर होते काय, दादा? मंग माह्या आईचंबी चिकटवून द्या ना त्या व्हरांड्यातल्या फोटोत." हेडसरांनी चष्मा काढून पुसला. ती त्यांना म्हणाली, "सर, थोडं थांबा, आनतो मी त्याले," आणि सायकल न घेताच पळत सुटली. व्हरांड्यात आमच्यासाठी एक खिळा आधीच ठोकून ठेवलेला होता, आणि त्या खिळ्यावर जे टांगलं जाणार होतं ते आता तिच्या पायांवर अवलंबून होतं.

ती गेली ती आलीच नाही. फोटोग्राफर घड्याळ बघायला लागला तसं हेडसरांनी दोन मुलांना पाठवलं. तीही आली नाहीत. मग जरा जबाबदार म्हणून चार-पाच जणांची तुकडी पाठवली. तीही गडप. त्या तुकडीत मी होतो, म्हणून तिकडे काय चाललं होतं ते मला सांगता येतं. बाजारात पोचलो तर अबोल पोरगा वांग्यांच्या ढिगामागे रडकुंडीला येऊन बसलेला, आणि ही त्याच्यासमोर उभी. तो त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत लांब भाषण करत होता, "माल टाकून कसा येऊ मी? बाबाले काय सांगू? तुमी काढून घ्या ना फोटो माह्याबिगर." ती म्हणाली, "तुह्याबिगर नाई. माल खपला का येतं ना तू? मंग खपवू." आणि आम्हाला बघताच तिने हुकूम सोडले. वर्गात पहिली येणारी मुलगी काट्यावर बसली. गोड बोलणारा एक होता त्याला सांबाराच्या जुड्या दिल्या, पुण्यामुंबईत याच सांबाराला कोथिंबीर म्हणतात. मला सांगितलं, "तू ओरड." मी म्हणालो, मला ओरडता येत नाही. "पोट दुखलं का कसा ओरडते? तसाच ओरड." मी डोळे मिटले आणि "वांगेऽऽ" म्हणून अशी आरोळी ठोकली की एक म्हातारी दचकून खरंच वांगी घेऊन गेली.

काय सांगू, अशी मजा त्या शाळेत मला पुन्हा कधी आली नाही. पांढऱ्याशुभ्र गणवेशातली, फोटोसाठी तेल लावून चापूनचोपून भांग पाडलेली आमची फौज भाजी विकत होती आणि अख्खा बाजार आमच्याभोवती गोळा झाला होता. पहिल्या नंबरवाली वजन इतकं काटेकोर करत होती की अर्ध्या वांग्यासाठी देठ मोडत होती, आणि सांबारवाला दिसेल त्या ओळखीच्या काकूला जुडी फुकट देत सुटला होता. अबोल पोरगा घाबरून एकीकडून दुसरीकडे पळत होता. शेजारच्याच रांगेत मॉनिटरची आई मेथी आणि टमाटे मांडून बसली होती. ती पदराआडून हसत होती आणि मधूनच लेकीला दटावत होती, "अवं, सर वाट पाहून राह्यले असन! जा ना वं मास्तरीन!" लेकीला ऐकू जात नव्हतं. लेकीने आता मुळ्यांचा भाव पाडला होता.

शेवटी हेडसर स्वतः आले. मागून शिपाईकाका, त्यांच्या मागे कॅमेरा छातीशी धरलेला फोटोग्राफर, आणि त्यांच्या मागे राहिलेला वर्ग, कारण मैदानात नुसतं उभं राहून तेही कंटाळले होते. हेडसर आमच्यासमोर येऊन थांबले. सफारी घामाने भिजला होता. आम्ही जागच्या जागी थिजलो. माझी 'वांगे'ची आरोळी अर्ध्यात 'वां'वर अडकली. सरांनी आमच्याकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि आयुष्यभराची सवय आड आली. "कशी दिली?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. बाजार खदखदून हसला. सरही हसले, आणि मग खाकरून दरडावणीच्या आवाजात म्हणाले, "शाळेत आता कोण आहे?" "कोनी नाई, सर," मॉनिटर म्हणाली. "पूर्ण वर्ग इथंच हाय." सरांनी एक क्षण विचार केला. "मग वर्ग जिथे भरलाय तिथेच फोटो काढायला हवा," ते म्हणाले. "बाकं आणा."

शिपाईकाकांचा जीव खालीवर झाला. "सर, बाकं डेडस्टॉकच्या वहीत हायेत! शाळेच्या बाहेर नेता येत नाई. उद्या ऑडिट आलं तं मी काय सांगू, बाजारात गेलती म्हून?" पण तोवर आम्ही पळालोही होतो. समुद्रपूरने त्या दुपारी दहावीचा वर्ग बाकं डोक्यावर घेऊन बाजारात शिरताना पाहिला, मागे शिपाईकाका हेडसरांची खुर्ची स्वतःच्या हाताने वागवत, कारण ती ते दुसऱ्या कोणाला देईनात. वांग्यांचा ढीग हलवायला जागा नव्हती म्हणून तो पुढे तसाच राहिला. त्याच्यामागे खुर्च्या, मग रांगा. हेडसरांच्या मांडीवर कोणीतरी कोहळा ठेवला, तो त्यांनी धरून ठेवला. फोटोग्राफरने डोळा लावला आणि हात हलवला, "ओ मावशी, तुमी जरा बाजूला व्हा, फोटोत येऊन राह्यल्या."

मावशी म्हणजे मॉनिटरची आई. ती ओशाळली. हातात तराजू होता तो तसाच घेऊन, पदर पुढे ओढत ती उठायला लागली. व्हरांड्यातून जाताना ओढायची तसाच पदर. तेवढ्यात मॉनिटर रांगेतून ओरडली, "थांबा! हजेरी नाई झाली अजून!" आणि पाठ सरळ करून तिने हजेरी सुरू केली. कागद नाही, काही नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी नावं तोंडपाठ. एकेक जण 'हजर' म्हणत गेला. अबोल पोरगाही म्हणाला, आणि त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटचं नाव झालं. फोटोग्राफर म्हणाला, "झालं?" ती थांबली. समोर बघत, आईकडे न बघता, तिने आणखी एक नाव पुकारलं. 'कुमारी' लावून, बापाचं नाव आणि माहेरचं आडनाव लावून, अगदी मास्तरांच्या सुरात.

"हजर!" मॉनिटरची आई म्हणाली.

तराजू हातात, पाठ ताठ, आवाज खणखणीत. तिला कळायच्या आधी ते तोंडून गेलं होतं. मग तिने पदर तोंडावर दाबला आणि तिचे खांदे हलायला लागले, ती हसते आहे का रडते आहे ते आम्हाला कळेना. हेडसर इतकी वर्षं रोज त्या फोटोंसमोरून खोलीत जात होते, ते नाव त्यांनाही पाठ असणार. ते कोहळा सांभाळत अर्धवट उठले आणि म्हणाले, "हजर आहात तर अशा दूर का उभ्या? रांगेत या, ताई." मुलींनी सरकून जागा केली. ती "नाई हो, सर, मी कायले," म्हणत होती, पण म्हणता म्हणता येऊन उभी राहिली होती.

तो फोटो आता व्हरांड्यात आहे. त्यात शाळा नाही, झेंड्याचा खांब नाही. पुढे वांगी आहेत, मागे गुळाच्या ढेपा आणि कोणाचा तरी बैल आहे, मुलींच्या रांगेत एक बाई तराजू घेऊन उभी आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, एकटी मॉनिटर बघत नाहीये, ती बाजूला वळून आईकडे बघतेय. फोटोग्राफरने शेवटची ओळ काढून टाकू का म्हणून विचारलं होतं, पण हिने ती ठेवायला लावली. 'अनुपस्थित : कोणीही नाही.'

पुढे व्हायचं ते झालं. कोणी नागपूरला गेलं, कोणी अमरावतीला, पहिल्या नंबरवाली तर हैदराबादला आहे म्हणतात. मी पुण्यात एका कचेरीत आहे. तिथे दारात एक मशीन आहे, त्याला तोंड दाखवलं की ते हिरवं होतं आणि हजेरी लागते. परवा तापाने मी खोलीवर पडून होतो. कोणी काही म्हणालं नाही, दारात सायकल आपटली नाही. मशीनचं काही अडलं नसावं.

दिवाळीला गावी आलो तेव्हा बसमध्ये चढलो तर समोर खाकी गणवेशात, खांद्याला चामडी पिशवी अडकवून, ती. मॉनिटर आता कंडक्टर झाली आहे हे मला वर्गाच्या ग्रुपवरून कळलं होतं, तरी प्रत्यक्ष बघून मी हसायलाच लागलो. या जगात एवढी योग्य नेमणूक दुसरी झाली नसेल. "काऊन रे, पोट बरं हाय काय आता?" तिने तिकीट फाडत विचारलं. मी आईची चौकशी केली. "आई मस्त. बाजाराच्या दिवशी पयले शाळेत जाते, चष्मा लावून फोटो पाह्यते, मंग दुकान मांडते. हेडसर चहा पाजतात तिले." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळे एकदम येजा ना रे कधी. एक येते तं दुसरा नसते." मी 'बरं' म्हणालो, पाचवीत म्हणालो होतो तसाच. पण या वेळी 'बरं'चा अर्थ मला माहीत होता, आणि तिलाही.

गाडी निघायची वेळ झाली. तिने दारात लटकून स्टँडवर एकदा इकडून तिकडे नजर फिरवली आणि ओरडली, "कोनी राह्यलं काय?" मी खिडकीतून बघितलं. फलाट रिकामा होता. मला सांगावंसं वाटलं, हो गं, सगळेच राहिले. ती जरा वेळ तशीच थांबली, मग तिने दोरी ओढली.